लॅब, एक्स-रे, फिजिओ, डायलिसिस: संलग्न आरोग्य व्यावसायिकांची कारकीर्द आणि नेतृत्व (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी 22 वर्षे वैद्यकीय प्रयोगशाळेत आहे. आधी तंत्रज्ञ होते, मग गुणवत्ता व्यवस्थापक झाले आणि आता निम्मा वेळ शिकवते. कार्यशाळा संपल्यावर जिन्यात गाठून, किंवा रात्रपाळीतून फोन करून मुले-मुली जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. माझी उदाहरणे प्रयोगशाळेकडे झुकतील, कारण माझे हात तिथेच घडले. फिजिओथेरपी, रेडिओग्राफी, ऑप्टोमेट्री, ऑपरेशन थिएटर किंवा डायलिसिसमध्ये काम करणाऱ्यांनी त्या जागी आपला विभाग घालून वाचावे.

'अलाइड हेल्थ' म्हणजे नेमके कोण? आम्हाला तर सगळे 'पॅरामेडिकल स्टाफ' म्हणतात.

याचे उत्तर आता कायद्यात आहे. 2021 साली संसदेने संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या परिशिष्टात 10 गट आहेत. प्रयोगशाळा, भूल व शस्त्रक्रिया तंत्रज्ञान, भौतिकोपचार (फिजिओथेरपी), आहारशास्त्र, नेत्रविज्ञान, व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामे पुन्हा जमावीत यासाठीचे उपचार), समाज व मानसिक आरोग्य, क्ष-किरण व प्रतिमा तंत्रज्ञान, डायलिसिस-हृदयतंत्रज्ञानासारखी कामे आणि आरोग्य नोंदींचे व्यवस्थापन. या गटांत मिळून पन्नासहून अधिक व्यवसाय येतात. डॉक्टर, दंतवैद्य, परिचारिका आणि औषधनिर्माते यांचे कायदे वेगळे आहेत, म्हणून ते यात नाहीत.

कायद्यात दोन पायऱ्या केल्या आहेत. 'संलग्न आरोग्य व्यावसायिका'ला दोन ते चार वर्षांत किमान 2000 तासांचे शिक्षण लागते. 'आरोग्यसेवा व्यावसायिका'ला तीन ते सहा वर्षांत किमान 3600 तासांची पदवी लागते. हे आकडे पाठ करून ठेवा. 'सहा महिन्यांत लॅब टेक्निशियन, नोकरीची हमी' अशी जाहिरात दिसली की घरातल्या बारावी पास भाच्याला आधी हे 2000 तास सांगा.

शब्दाबद्दल विचाराल, तर 'पॅरामेडिकल' म्हणणाऱ्याशी मी वाद घालत नाही. आपल्या राज्याच्या परिषदेच्या नावातच 'परावैद्यक' आहे. मात्र कोणी 'नॉन-मेडिकल स्टाफ' म्हटले की मी तिथल्या तिथे थांबवते. क्रॉसमॅच करून, म्हणजे रक्त पेशंटच्या रक्ताशी जुळते का ते तपासून, रक्ताची पिशवी बाहेर देणारा माणूस वैद्यकीय कामच करत असतो.

नोंदणी कुठे करायची? खरेच गरज आहे का?

गरज आहे, आणि नोकरी लागायच्या आधी करा. महाराष्ट्रात फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीसाठी राज्याची स्वतंत्र परिषद आधीपासून आहे. इतर अनेक शाखांसाठी परावैद्यक परिषद आहे. वाचा-श्रवणतज्ज्ञ आणि कृत्रिम अवयव बसवणारे तज्ज्ञ यांची नोंद 1992 च्या कायद्याखाली भारतीय पुनर्वास परिषदेत होत आली आहे. नव्या कायद्याप्रमाणे प्रत्येक राज्यात एक परिषद असायला हवी. हे काम फार रेंगाळले. ऑगस्ट 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्राला आणि राज्यांना दोन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. तो खटला तंत्रज्ञांच्याच एका मंचाने लावून धरला होता, हे मी प्रत्येक वर्गात सांगते.

तुमच्या शाखेची नोंद सध्या कुठे होते, हे परिषदेच्या कार्यालयातच विचारा. मित्राच्या व्हॉट्सॲप फॉरवर्डवर विसंबू नका.

नेतृत्व म्हणजे इनचार्ज होणे ना? मग पद मिळेपर्यंत आम्ही काय करणार?

या प्रश्नासाठीच मी हे सगळे लिहायला बसले आहे, म्हणून इथे जरा सविस्तर सांगते.

मी ज्या रुग्णालयात काम करत होते तिथे अपघात विभागातून येणारी रक्ताची सॅम्पल्स वारंवार हिमोलाइज होऊन येत. लाल पेशी फुटल्या की आतले पोटॅशियम सीरममध्ये उतरते आणि रिपोर्टवर खोटा वाढलेला आकडा येतो. त्या आकड्यावर विसंबून उपचार केले, तर पेशंटच्या जिवावर बेतू शकते. म्हणून आम्ही सॅम्पल नाकारायचो. वॉर्डातून फोन यायचा, 'लॅबवाले मुद्दाम परत पाठवतात.' आम्ही म्हणायचो, 'त्यांना रक्त काढताच येत नाही.' हे भांडण कित्येक वर्षे असेच चालले होते. दोन्ही बाजूंना आपले म्हणणे खरे वाटत होते आणि पेशंटच्या दंडात मात्र दुसऱ्यांदा सुई जात होती.

आमच्यातल्या एका तंत्रज्ञाने एक वही केली. तो इनचार्ज नव्हता, सेवाज्येष्ठतेत पाचवा-सहावा असेल. नाकारलेल्या प्रत्येक सॅम्पलची तारीख, वेळ, वॉर्ड, कोणती ट्यूब आणि कारण एवढेच तो लिहायचा. पाळीवरच्या प्रत्येकाला तो लिहायला लावायचा, आणि कोणी विसरले तर दुसऱ्या दिवशी स्वतः विचारून भरायचा. महिन्याने वही उघडली तर चित्र स्पष्ट होते. बहुतेक सॅम्पल्स एकाच पाळीत, एकाच खोलीतून येत होती.

पुढची पायरी मला सगळ्यात मोलाची वाटते. वही घेऊन तो अधीक्षकांकडे तक्रारीला गेला नाही. तो त्या वॉर्डच्या सिस्टर इनचार्जकडे गेला, 'मला एक तास तुमच्याकडे उभे राहू द्या' म्हणाला, आणि नुसते पाहत राहिला. घाईत सिरिंजने रक्त काढायचे, सुई तशीच ट्यूबच्या झाकणात खुपसायची आणि अंगठ्याने जोर लावून रक्त आत ढकलायचे, असे तिथे चालले होते. बारीक सुईतून दाबाने गेल्यावर पेशी फुटणारच. कधी दंडाला पट्टा फार वेळ बांधलेला असायचा, तर कधी स्पिरिट वाळायच्या आधीच सुई टोचलेली असायची. दोष शिकवण्यातला होता. त्या नव्या मुलींना हे कोणी दाखवलेच नव्हते.

सिस्टरांनी पाळी बदलताना त्याला पंधरा मिनिटे दिली. त्याने हातात ट्यूब घेऊन दाखवले. दोन-तीन आठवडे रोज, मग आठवड्यातून एकदा. वहीतली पाने हळूहळू रिकामी राहू लागली. पुढे हे दाखवणे नव्या परिचारिकांच्या पहिल्या दिवसाच्या कार्यक्रमात आले, आणि तो तंत्रज्ञ नोकरी सोडून गेला तरी थांबले नाही.

मी याला नेतृत्व म्हणते. एक दुखरे काम स्वतःच्या नावावर घ्यायचे, ते मोजायचे, ज्याच्या हातात दुरुस्ती आहे त्याच्यापर्यंत चालत जायचे आणि आपण नसतानाही चालेल अशी सोय करायची. हे करायला पद लागत नाही. आणि पद देणारे पुढे नेमके हेच बघतात, हे मी निवड समितीत बसून पाहिले आहे.

मी नवीन आहे. माझे कोण ऐकणार?

पहिले सहा महिने फार बोलू नका, कामात पक्के व्हा. जुन्या मामा-मावशींशी, म्हणजे वॉर्डबॉय आणि आयांशी, नीट बोला. कोणते सॅम्पल कुठे अडकते, कोणत्या लिफ्टपाशी ट्रॉली खोळंबते, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. मग एक छोटी गोष्ट निवडा. एक्स-रेमध्ये असाल तर पुन्हा काढाव्या लागणाऱ्या फिल्म्स. डायलिसिसमध्ये असाल तर मशीन वेळेवर सुरू न होण्याची कारणे. फिजिओथेरपीत असाल तर दुसऱ्या भेटीनंतर न फिरकणारे पेशंट. नोंद सुरू करा आणि महिनाभर कोणालाही दोष न देता लिहीत राहा.

आपल्यात असे नेतृत्व करणारे कोणी होऊन गेले का? आम्हाला तर सगळी नावे डॉक्टरांचीच माहीत.

कमला निंबकर हे नाव ऐकले आहे का? फलटणचे लोक 'हो' म्हणतील, कारण तिथे त्यांच्या नावाची 'कमला निंबकर बालभवन' ही शाळा आहे. पण त्यांनी भारतात ऑक्युपेशनल थेरपीचा पाया घातला, हे आपल्या विद्यार्थ्यांनाही अनेकदा ठाऊक नसते.

त्या जन्माने अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकरांशी लग्न करून भारतात आल्या आणि इथल्याच झाल्या. वयाची चाळिशी उलटल्यावर त्या पुन्हा अमेरिकेत जाऊन ऑक्युपेशनल थेरपी शिकल्या. परत येऊन 1950 साली त्यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात या विषयाची शाळा सुरू केली. 1952 मध्ये अखिल भारतीय संघटना स्थापन झाली तीही त्यांच्याच पुढाकाराने. त्याच वर्षी जागतिक संघटना उभी राहिली आणि तिच्या संस्थापक सदस्य देशांत भारत होता.

या क्रमाकडे बघा. आधी त्या स्वतः शिकल्या, मग शिकवायची जागा उभी केली, मग व्यवसायाला संघटना दिली आणि त्या संघटनेला जगाशी जोडले. हे सगळे चाळिशीनंतर. 'आता माझे वय झाले, आता काय शिकणार' असे म्हणणाऱ्या प्रत्येक ताईला मी त्यांचीच गोष्ट सांगते.

फिजिओथेरपीची सुरुवातही याच आवारातली. मुंबईत पोलिओची साथ आली. मुले वाचली, पण त्यांच्या पायांतले बळ गेले. ते परत मिळवून देणारी शिकलेली माणसे देशात पुरेशी नव्हती. मग जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने केईएममध्ये फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले. परळला गेलात तर त्या आवारातून एकदा तरी चालत जा.

सरकारी नोकरीत 18 वर्षे झाली, तरी मी तंत्रज्ञच. बढती का मिळत नाही?

कारण शिडीच आखूड आहे. बहुतेक संवर्गांत तंत्रज्ञ, वरिष्ठ तंत्रज्ञ आणि पर्यवेक्षक अशा दोन-तीन पायऱ्या असतात. वरच्या जागा मोजक्या, त्यातल्या काही रिक्त, काही न्यायप्रविष्ट. यात तुमची लायकी कमी नाही. रचनाच अपुरी आहे, आणि ते स्पष्ट म्हटले पाहिजे.

आश्वासित प्रगती योजनेत 10, 20 आणि 30 वर्षांनंतर वरच्या वेतनस्तराचा लाभ मिळतो. पगार वाढतो, पण अधिकार आणि काम तेच राहते. म्हणून लाभ मिळाला तरी मन खट्टू राहते, हे मी घरातच पाहिले आहे. माझे यजमानही सरकारी नोकरीत आहेत.

करण्यासारख्या गोष्टी अशा. ज्येष्ठता यादी दरवर्षी प्रसिद्ध झाली का ते बघा, आणि चूक असेल तर मुदतीत लेखी हरकत घ्या. गोपनीय अहवालात स्वयंमूल्यमापनाचा रकाना असतो. तिथे 'नेमून दिलेली कामे केली' एवढेच लिहून सोडू नका. किती जणांना शिकवले, कोणती नोंद सुरू केली, कोणते यंत्र बंद पडू दिले नाही, ते लिहा. सेवाप्रवेश नियमांत वरच्या पदासाठी कोणती पदवी लागते ते आजच वाचा. पद रिकामे झाल्यावर पदवी घ्यायला निघणारे खूप पाहिले आहेत. तेव्हा उशीर झालेला असतो.

आणखी एक जागा लोक विसरतात ती राष्ट्रीय कार्यक्रमांची. क्षयरोग कार्यक्रमातला वरिष्ठ प्रयोगशाळा पर्यवेक्षक, म्हणजे आपण ज्याला एसटीएलएस म्हणतो, तो तालुक्यातल्या थुंकी तपासणी केंद्रांना भेटी देतो, स्लाइड पुन्हा तपासण्यासाठी निवडतो, रसायनांचा साठा बघतो आणि चुकणाऱ्या तंत्रज्ञाला शेजारी बसवून शिकवतो. दुचाकीवरून फिरणारा हा माणूस एखाद्या मोठ्या रुग्णालयाच्या लॅब इनचार्जपेक्षा जास्त लोकांचे काम सुधारत असतो. ही खरीखुरी नेतृत्वाची नोकरी आहे, आणि तिला तेवढा मान मिळायला हवा.

मी कंत्राटी आहे. दर वर्षी करार नवा होतो. मी कशाला जीव टाकू?

तुमचा राग रास्त आहे. त्याच खोलीत, तेच काम, आणि पगार निम्मा, हे मी कोणत्याही शब्दांनी गोड करून सांगणार नाही. त्यासाठी संघटनेत जा, एकट्याने लढू नका.

कामाबद्दल एवढेच सांगेन की जिल्हा रुग्णालयांतल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत, म्हणजे लहान मुलांमधले दोष लवकर ओळखून उपचार सुरू करणाऱ्या केंद्रांत, फिजिओ, वाचा-श्रवणतज्ज्ञ आणि ऑप्टोमेट्रिस्ट एका छताखाली एकाच बाळासाठी बसतात. असे काम महानगरातल्या खासगी रुग्णालयांतही सहज मिळत नाही. तिथे जे शिकाल त्याची नोंद स्वतःकडे ठेवा. किती बाळे तपासली, किती जणांना कानाची यंत्रे बसली, आई-बाबांना घरी करायला कोणते व्यायाम दिले. करार संपला तरी ती वही तुमचीच राहते. पेशंटचे नाव मात्र त्यात नको.

खासगी रुग्णालयात पुढे जायचे रस्ते कोणते?

सरळ वर जाणारा रस्ता लवकर संपतो. बाजूने जाणारे बरेच आहेत.

प्रयोगशाळेत असाल तर गुणवत्ता. आयएसओ 15189 या मानकाप्रमाणे एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता घेणाऱ्या प्रत्येक लॅबला गुणवत्ता सांभाळणारा माणूस लागतो. मी याच रस्त्याने आले. सुरुवातीला फायली, फायली आणि फायलीच वाटतात. मग एखाद्या दिवशी कंट्रोलचा, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेल्या नमुन्याचा, आलेख हळूहळू एका बाजूला सरकताना दिसतो, आणि चुकीचा रिपोर्ट बाहेर पडायच्या आधी तुम्ही यंत्र थांबवता. त्या दिवशी फायलींचा अर्थ कळतो.

रेडिओग्राफर असाल तर विकिरण सुरक्षा. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या अटी पूर्ण करणारा रेडिओग्राफर निदान विभागाचा विकिरण सुरक्षा अधिकारी होऊ शकतो. शिशाचे ॲप्रन फाटले आहे का, अंगावर पडलेले विकिरण मोजणारा टीएलडी बॅज सगळे लावतात का, गरोदर सहकारी कुठे उभी आहे, हे बघण्याचा अधिकार त्याला असतो, आणि तेव्हा मोठ्या डॉक्टरांनाही त्याचे ऐकावे लागते.

याशिवाय शिकवणे आहे, रुग्णालयाचा एनएबीएच (रुग्णालयांच्या दर्जाची मान्यता) विभाग आहे, संसर्ग नियंत्रण आहे, यंत्रे विकणाऱ्या कंपन्यांत ॲप्लिकेशन स्पेशालिस्टचे काम आहे. कंपनीत गेले म्हणजे 'सेवा सोडली' असे मला वाटत नाही. जिल्ह्या-जिल्ह्यांत फिरून नव्या मुलांना यंत्र नीट चालवायला शिकवणारा माणूस मला तितकाच जवळचा आहे.

एमएस्सी करू की रुग्णालय प्रशासन?

तुम्हाला अजून पेशंट किंवा सॅम्पल हातात घ्यावेसे वाटते का, ते बघा. वाटत असेल तर आपल्या विषयात पुढे शिका. पदव्युत्तर पदवीशिवाय महाविद्यालयात शिकवण्याची दारेही फारशी उघडत नाहीत. माणसे, पैसा आणि जागा यांचा मेळ घालण्यात रस असेल तर प्रशासन. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत रुग्णालय प्रशासनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, आणि त्यात पाच-सात वर्षे वॉर्डात घालवलेला माणूस नवख्यापेक्षा जास्त शिकून येतो.

नुसता कंटाळा आला म्हणून एमबीए करू नका. कंटाळ्यावर आधी पाळी बदलून बघा.

डॉक्टरांसमोर बोलायचे कसे? चूक दिसली तरी तोंड उघडत नाही.

आपल्याकडे 'सर' म्हटले की वाक्य संपते, ही अडचण खरी आहे. मी मुलांना एक साचा शिकवते. आधी काय दिसते ते सांगा, मग त्यातला धोका, मग विनंती. 'सर, पोटॅशियम फार जास्त आहे आणि कॅल्शियम खूपच कमी आहे. ईडीटीएच्या ट्यूबमधले रक्त यात मिसळले असावे. उपचार सुरू करण्याआधी दुसरे सॅम्पल पाठवता का?' (ईडीटीए म्हणजे रक्त गोठू नये म्हणून ट्यूबमध्ये घातलेले रसायन.) यात उद्धटपणा कुठेच नाही. निरीक्षण आहे आणि पेशंटचे हित आहे. मान देऊन बोललेले खरे बोलणे बहुतेक डॉक्टरांना आवडते. रागावले तरी ते रागावणे आपण सोसावे. पेशंटला चुकीचे औषध सोसावे लागू नये.

आपली मर्यादाही तितकीच नीट माहीत हवी. डिसेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीची पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांची सही हवी, असे सांगितले. त्यावरून आपल्या क्षेत्रात पुष्कळ खळखळ झाली. माझे मत काही जणांना रुचणार नाही, तरी सांगते. तपासणी अचूक करणे ही आपली विद्या आहे आणि तिच्यात आपण कोणापेक्षाही कमी नाही. निदानाचा अर्थ लावणे ही वेगळी विद्या आहे. भाड्याने घेतलेल्या सहीवर लॅब चालवणारे आपल्या सगळ्या व्यवसायाची पत घालवतात, मग ती सही विकणारा कोणीही असो.

नाईट ड्युटी, लहान मूल, सासू-सासरे. यात नेतृत्व कुठे बसवू?

माझ्या मुलाच्या पहिल्या तीन वर्षांत मी फक्त ड्युटी केली. पाट्या टाकल्यासारखी नोकरी केली असे कोणी म्हणाले तरी चालेल. तेव्हा तेवढेच जमत होते. त्या काळात नोंदणीचे नूतनीकरण चुकवू नका आणि एक तरी मैत्रीण विभागात अशी ठेवा जी नवे काय चालले आहे ते सांगत राहील. बाकीचे नंतर करता येते.

आणि इनचार्ज मंडळींना माझी विनंती आहे. प्रशिक्षणाला कोणाला पाठवायचे हे ठरवताना 'तिचे मूल लहान आहे, तिला कशाला' असे तिच्या वतीने ठरवू नका. तिला विचारा. ती नाही म्हणाली तर पुढच्या वर्षी पुन्हा विचारा. माझ्या बाबतीत विचारले गेले नव्हते, आणि ते मला अजून आठवते.

इंग्रजी कच्चे आहे. पुढे जाता येईल का?

येईल. कामापुरते इंग्रजी सहा महिन्यांत येते, कारण आपले शब्द ठरलेले असतात. एसओपी, म्हणजे कामाची ठरलेली लेखी पद्धत, आधी मराठीत लिहा आणि मग इंग्रजीत आणा. मराठीत लिहिताना आपल्याला पायरी खरेच कळली आहे का, ते लगेच उघडे पडते. आणि मावशींना समजेल अशी मराठी सूचना भिंतीवर लावणे हे इंग्रजी सादरीकरणापेक्षा पेशंटच्या जास्त कामी येते.

संशोधन आमचे काम आहे का?

आहे. वरच्या सॅम्पलच्या वहीकडे पुन्हा बघा. प्रश्न होता, मोजणी होती, बदल केला, पुन्हा मोजले. एथिक्स कमिटीची परवानगी आणि नीट आराखडा आधी घेतला असता तर तो एक छापण्याजोगा अभ्यास झाला असता. तुमच्या मोजणीवर दुसऱ्याचे नाव छापून आले तर वाईट वाटते, म्हणून सुरुवातीलाच नावे कोणाची, कोणत्या क्रमाने, हे लिहून घ्या. संकोच करू नका.

परदेशात, विशेषतः इंग्लंडमध्ये, हे कसे चालते?

तिथे एचसीपीसी नावाची एकच नियामक संस्था 15 व्यवसायांची नोंद ठेवते, आणि नोंदणीशिवाय ते व्यावसायिक नाव लावता येत नाही. सरकारी आरोग्यसेवेत पगाराच्या पट्ट्या ठरलेल्या असतात. नवा फिजिओ पाचव्या पट्टीत लागतो आणि सल्लागार पातळीचा फिजिओ किंवा रेडिओग्राफर आठव्यात पोचू शकतो. तिथे प्रशिक्षित रेडिओग्राफर एक्स-रेचे रिपोर्टही लिहितात. 2013 पासून जास्तीचे शिक्षण घेतलेल्या फिजिओंना स्वतंत्रपणे औषध लिहून देता येते. या सगळ्या व्यवसायांच्या वतीने सरकारदरबारी बोलायला देशपातळीवर एक मुख्य अधिकारी असतो, आणि तो डॉक्टर नसतो.

मला त्यांची एक गोष्ट फार आवडते. प्रगत पातळीच्या कामाचे ते चार खांब मानतात. पेशंटचे काम, नेतृत्व, शिकवणे आणि संशोधन. वरच्या पदासाठी चारही दाखवावे लागतात. आपल्याकडे बढती बहुतेक वेळा वर्षांवर मिळते, म्हणून माणूस वर्षे मोजत बसतो.

जायचे असेल तर जरूर जा. फक्त एजंटला पैसे देण्याआधी एचसीपीसीचे नियम स्वतः वाचा. लॅबच्या मुलांसाठी एक सूचना. तिथे बायोमेडिकल सायंटिस्टची नोंद एचसीपीसीत होते, पण 'अलाइड हेल्थ'च्या 14 व्यवसायांत तो धरला जात नाही. नोकरी शोधताना शब्द चुकला तर जाहिरातच सापडत नाही.

इनचार्ज झाले. काल सोबत डबा खाणाऱ्या मैत्रिणी आज तोंड फिरवतात. काय करू?

पहिल्या महिन्यात ड्युटी लिस्टमुळे बहुतेक जणींचे वाकडे येते. दिवाळीची रात्र कोणाची, गणपतीच्या विसर्जनाला सुट्टी कोणाला, यात मोठे सौहार्द मोडलेले मी पाहिले आहे. म्हणून यादी बनवायचा नियम आधी सगळ्यांसमोर ठरवा आणि भिंतीवर लावा. गेल्या वर्षी दिवाळीला कोण होते, त्याची वही ठेवा. पहिली नकोशी पाळी स्वतःच्या नावावर टाका. हे एकदाच करून चालत नाही, दरवर्षी करावे लागते.

डबा मात्र सोबतच खा. त्या वेळी कामाचे बोलू नका.

चूक दाखवायची असेल तर दाराआड, आणि त्याच दिवशी. कौतुक मात्र चारचौघांत. तोंडी सूचना दिल्यावर 'कळले का?' असे विचारू नका, सगळे 'हो' म्हणतात. 'आता तू मला सांग, कसे करशील?' असे विचारा. आणि चूक सांगायला आलेल्यावर कधीही ओरडू नका. चुकीच्या पेशंटच्या नावाने लेबल लावले हे स्वतः येऊन सांगणारी मुलगी तुमच्या विभागाची सर्वांत मोठी ठेव आहे. तिच्यावर एकदा ओरडलात तर पुढची चूक कोणी सांगणार नाही, आणि ती तुम्हाला नातेवाइकांच्या तक्रारीतून कळेल.

निवृत्तीला दोनच वर्षे उरली आहेत. आता माझ्यासाठी यात काय आहे?

तुमच्या डोक्यात जे आहे ते कोणत्याही मॅन्युअलमध्ये नाही. जुने यंत्र पावसाळ्यात दमट हवेत कसे वागते, कोणत्या लॉटच्या वेळी कॅलिब्रेशन बिघडले होते, रात्री वीज गेली की आधी कोणता फ्रीज बघायचा. हे सगळे एका वहीत मराठीतच लिहा, रोज अर्धे पान.

मग एक कनिष्ठ सहकारी निवडा. पुढच्या एनएबीएल तपासणीच्या वेळी उत्तरे त्याला देऊ द्या. तुम्ही त्याच खोलीत, मागच्या खुर्चीवर बसा. तो अडखळेल, तपासनीस तुमच्याकडे बघतील. तुम्ही त्याच्याकडे बघा आणि थांबा.